पाय बघायचा आरसा

हाड जुळलं होतं.
फोटोत सगळं धुतल्या तांदळासारखं,
म्हणून मालक म्हणायचे, आता कसलं दुखणं?
जावेनं तर निदानच करून टाकलं होतं :
वेणी घालायचा कंटाळा.

मनगट मोडलं माघात,
भिजवलेल्या कातड्याची बादली नेताना, ओल्या फरशीवर.
सहा आठवडे प्लास्टर. ते उतरलं
आणि आतून निखाऱ्यावर धरलेला हात निघाला.
पंख्याचा वारा लागला तरी कळ.
पदर घासला तरी कळ.
वर्षभर मी तो हात पोटाशी घेऊन हिंडलो,
दुसऱ्याचं तान्हं सांभाळावं तसा.

राजारामपुरीत, जिना चढून, मगदूम डॉक्टरीणबाई.
पाटीवर फक्त दुखण्याचा दवाखाना.
मी म्हटलं, न दुखण्याचा कुठं असतोय?
त्या हसल्या. फाईल उघडलीच नाही.
शून्य ते दहात किती, हे त्यांनीबी विचारलं.
आठ, म्हटलं. आठ म्हणायची जिभेला सवयच झालेली.
“बरं, आठ. पण कसलं आठ?”

कसलं?
मग मी सांगतच सुटलो.
आरी बोथट असली की कातडं फाटत नाही,
नुसतं दबत जातं, तसं.
बोटाला भेग पडावी
आणि तीत बाभळीच्या सालीचं पाणी शिरावं, तसं.
रात्री कुणीतरी वादी ओढतंय, ओढतंय,
गाठ काही मारत नाही.
त्या लिहीत होत्या, माझेच शब्द, जसेच्या तसे.
मध्ये एकदाच मान वर :
“आरी जाड की बारीक?”

दाराशी उभ्या मालकांना आत घेतलं. खुर्ची दिली.
“आग लागली, बंब आला, आग विझली.
पण भोंगा अडकलाय, वाजतोय.
खोटा नाही वाजत, व्हटकर.
तुमच्या कानात वाजत नाही, एवढंच.”
मालक स्वतःच्या चपलेचा अंगठा बघत बसले.
तो मीच विणलेला, मोडायच्या आधी.

मला वाटलं, आता सुई.
सुई होतीच, पुढच्या मंगळवारी, मानेत.
उतारा दोन दिवस टिकला.
दोन दिवस मी उजव्या हातानं जेवलो,
आमटीत बोटं बुडवून.
“पूर्ण जाईल का हो?”
“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.
वर्षात पहिल्यांदा एक डॉक्टर माहीत नाही म्हणाली
आणि का कोण जाणे, पाठ सैल झाली माझी.

घरात आरसा आहे का, विचारलं.
होता, टिकलीपुरता.
पण दिराच्या दुकानात, चप्पल लाईनीत,
जमिनीला टेकलेला तिरका एक,
गिऱ्हाईकानं पाय बघायचा.
तो आणला रिक्षात घालून.
दुखरा हात आरशामागं, बरा हात पुढं,
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
बरं वाटलं म्हणून अकरा नाही.

बरा हात उघडला, मिटला.
आरशात दुखरा उघडला, मिटला.
पहिल्या दिवशी मळमळलं.
चौथ्या दिवशी रडलो.
तो माझाच हात होता
आणि त्याला काही होत नव्हतं.

वहीवर नाव घातलंय : शेवंता बाबासो व्हटकर.
आत रोज एक ओळ.
आज सहा. वेणीचे चार पेड.
आज आठ, ढग.
आज सहाच, पण नातवानं बोट धरलं,
मी हात काढून घेतला नाही.
ती ओळ बाईंनी दोनदा वाचली,
आणि त्या दिवशी आकडा विचारायच्या विसरल्या.

दीर परवा म्हणाला, वैनी, आरसा कधी देतीस?
गिऱ्हाईक पाय कशात बघणार?
म्हटलं, त्यास्नी सांग,
चालून बघा.